पाचव्या फेरीआधीचं मिनिट

आज भाऊचा निरोप आला नव्हता.

मुंगीच्या उजव्या हाताला पट्टी गुंडाळताना आत्याच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. अकरा वर्षांत मुंगीच्या एकोणीस लढती झाल्या होत्या. प्रत्येक लढतीच्या दिवशी वहिनी तयारीच्या खोलीत पाऊल टाकायची आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणायची, "ह्यांनी सांगितलंय, डोळ्यांकडे लक्ष ठेवायला सांग तिला." तिला म्हणजे आत्याला. भाऊ तिचा सख्खा मोठा भाऊ, मुंगीचा बाप. घरही एकच. खाली भाऊचा गाद्या-सोफ्यांचा कारखाना, वरच्या मजल्यावर आत्याची खोली, जिन्यात दिवसातून चारदा गाठ पडायची. पण बोलणं बंद होतं. अकरा वर्षांत भाऊने बहिणीला उद्देशून जे काही सांगितलं, ते हे एकच वाक्य, एकोणीस वेळा, आणि तेही बायकोच्या तोंडून.

आज वहिनी आली, मागोमाग नाना आला, पिशवी खाली ठेवली गेली, आणि वहिनी म्हणाली, "पाणी कुठंय गं इथं?"

"आज काही म्हणाला नाही तो?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"कोण?"

"वहिनी!"

"नाही बाई. सकाळी उठले, चहा घेतला, बारा खुर्च्या द्यायच्यात म्हणून कारखान्यात गेले. मी निघाले तेव्हा तोंडात खिळे धरून बसले होते. तोंडात खिळे असल्यावर माणूस बोलणार काय?"

"आत्या, अंगठा आवळलास," मुंगी म्हणाली.

आत्याने पट्टी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली. तीस वर्षं तिने ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती. मोठमोठ्या सर्जनच्या हातात न मागता हवं ते हत्यार ठेवणारी बाई होती ती. निवृत्तीनंतर ती मुंगीच्या कोपऱ्यात उभी राहू लागली. लढतीआधी हात बांधायचे आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात जखम बंद करायची, हे तिचं काम. मुंगीच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, काम शिकवायचं आणि ओरडायचं. मुंगीचं काम उरलेलं सगळं.

मुंगी एकतीस वर्षांची होती, आणि चौथ्या वर्षी पडलेलं नाव तिला अजून चिकटून होतं. तेव्हा ती आपल्या दुप्पट उंचीची फोमची गुंडाळी कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायची आणि कोणी मदतीला आलं की चावायची. त्याच फोमवर पुढे ती दादाला आपटू लागली. दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि वीस किलोंनी जड, तरी आपटला जायचा. एकदा औषध द्यायला खाली गेलेल्या आत्याने ते पाहिलं. दादाचं आपटणं नाही, भाचीचा चेहरा. इतकं खूश माणूस तिने त्या घरात त्याआधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मुंगीचा हात धरला आणि तिला कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीच्या तालमीत नेऊन सोडलं. भाऊने बोलणं टाकलं ते त्या दिवसापासून.

पहिली लढत एका गोदामात झाली होती, चाळीस सेकंदांत हरली. दादा रडला, मुंगी हसत बाहेर आली. "आत्या, मला कळलं ती काय करते!" तुटलेल्या नाकाने ती सांगत होती. "पुढच्या वेळी नाही करू देणार." पुढच्या वेळी खरंच करू दिलं नाही. मग एकदा हाताचं हाड मोडलं, एकदा आठ महिने घरी बसणं झालं, आणि तीन वर्षांपूर्वी तिच्या वजनगटाचा जगज्जेतेपदाचा पट्टा कमरेला आला. तो तिने तीनदा राखला होता. आज चौथी वेळ.

समोर होती शिडी. हे नाव दादाने ठेवलेलं. मुंगीपेक्षा वीतभर उंच, हात इतके लांब की "ती तिथून मारते आणि इथे लागतं," असं दादा वैतागून म्हणायचा.

"लांब राहिलीस तर मेलीस," दादा आता पन्नासाव्यांदा सांगत होता. "आत शिरायचं, कमरेला मिठी, खाली."

"दादा, तू घाबरलायस," मुंगी म्हणाली.

"मी? छट्!"

"मग माझी पाण्याची बाटली तू का पितोयस?"

नाना खो खो हसला. भाऊ, आत्या आणि नाना, या तिघा भावंडांतला नाना शेंडेफळ. त्याचा डावा डोळा काचेचा होता. तरुणपणी तो मुष्टियुद्ध खेळायचा. एका लढतीनंतर त्याच्या डोळ्यापुढे काळं काहीतरी हलू लागलं, आणि ते त्याने फक्त आत्याला सांगितलं, शपथ घालून. "भाऊला कळलं तर खेळणं बंद होईल, ताई. चार दिवसांत बरं होईल." आत्या तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती गप्प राहिली. नवव्या दिवशी डोळ्याचा पडदा पूर्ण सुटला आणि डोळा गेला. नाना त्यावर आता विनोद करतो. भाऊने मात्र कधी केला नाही.

दारावर थाप पडली. "पाच मिनिटं!"

*

दुपारचे तीन वाजले होते. छतावरच्या दिव्यांनी लढतीचा पिंजरा असा पेटला होता की जाळीची तारन् तार मोजता आली असती. हजारो लोक पाय आपटत होते आणि तो आवाज कानांतून नाही, तळपायांतून वर चढत होता. आत्याने बादली, बर्फ, बोळे, व्हॅसलिनचा डबा, सगळं नेहमीच्या जागी मांडलं. छाती धडधडत होती. दर वेळी धडधडायची. साठी उलटली तरी या आवाजात तिला वीस वर्षांची झाल्यासारखं वाटायचं, आणि हे तिने कोणाजवळ कबूल केलं नव्हतं.

पहिली फेरी मुंगीची. घंटा झाली आणि ती सुटलीच. शिडीचा पहिला ठोसा डोक्यावरून गेला, दुसरा निघायच्या आत मुंगीने कमरेला मिठी घालून तिला उचललं. वीतभर उंच बाई हवेत! मग धाडकन खाली. वहिनी पहिल्या रांगेत उभी राहून ओरडली, "अगं, हळू! लागेल तिला!" आणि मग जीभ चावून खाली बसली.

दुसरी फेरी शिडीची. तिने अंतर ओळखलं होतं. डावा हात पुढे, टक, टक, टक, सुतारपक्ष्यासारखा. मुंगी आत शिरायला गेली की तिथे गुडघा तयार.

तिसरी पुन्हा मुंगीची, पण महाग पडली. जाळीपाशी झटापटीत शिडीचं कोपर मुंगीच्या डाव्या भुवईवर बसलं आणि कातडी उसवली. मधल्या मिनिटात आत्याने औषधाचा बोळा जखमेत दाबून धरला, मनात तीस आकडे मोजले, व्हॅसलिनचा थर दिला. रक्त थांबलं. "शाब्बास," दादा म्हणाला. तो बहिणीला म्हणाला की आत्याला, ते कळलं नाही.

चौथ्या फेरीत शिडीने तीच भुवई धरली. तिने दुसरीकडे कुठे मारलंच नाही. टक, टक, टक. जखम पुन्हा उघडली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि मुंगी मान डावीकडे फिरवून, एका डोळ्याने अंदाज घेत मागे मागे जाऊ लागली. शेवटचं एक मिनिट ती जाळीला टेकूनच होती. घंटा वाजली.

दोन-दोन. आत्याचा हिशोब पक्का होता. जी पाचवी जिंकेल, पट्टा तिचा.

स्टूल ठेवलं. मुंगी बसली. दादा समोर गुडघ्यांवर. "ऐक, ऐक माझं. पाचच मिनिटं. तिचे पाय जड झालेत, बघितलंस ना? लाथ उचलेल तेव्हा पकडायची—"

आत्याने रक्त पुसलं, बोळा दाबला. आणि मुंगी तिच्या कानाशी पुटपुटली. दादाला ऐकू जाऊ नये म्हणून ओठही न हलवता.

"आत्या, डाव्या डोळ्यापुढे काळं काहीतरी हलतंय. दादाला सांगू नकोस."

आत्याचे हात थांबले नाहीत. तीस वर्षांची सवय.

पंचेचाळीस सेकंद उरले.

तिने पापणीवर पाणी सोडलं, पुसलं. "आता?"

"आहे अजून. जाईल गं. पाचच मिनिटं राहिलीत. शपथ आहे तुला."

एवढी वर्षं आत्याने नानाची शपथ मोडण्याची हजार स्वप्नं पाहिली होती. स्वप्नात ती दर वेळी जिना उतरून भाऊकडे जायची. स्वप्नात ते सोपं असायचं. इथे समोर हिचा चेहरा होता, सुजलेला, रक्ताने माखलेला, आणि तरीही खूश, अगदी फोमवरच्या त्या दिवसासारखा. आणि तो चेहरा आता तिच्या एका शब्दाने विझणार होता.

आत्या वळली आणि जाळीच्या दारातल्या डॉक्टरांना तिने हाक मारली. थिएटरमध्ये मारायची तशी, खणखणीत.

"डॉक्टर! डावा डोळा. समोर काळं हलतंय म्हणते. बघा."

"आत्या!" दादाचा आवाज फाटला. "काय करतेस? थांबवतील ते!"

"थांबवू देत."

"एक फेरी राहिलीय! अकरा वर्षं—"

"मला शिकवू नकोस. बाजूला हो."

मुंगीने तिच्याकडे पाहिलं. तसं तिने आत्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्यावर विश्वास होता माझा," ती म्हणाली.

"असू दे," आत्या म्हणाली. "डोळा उघड."

डॉक्टर वाकल्या. बोटाने पापणी उलटली, बॅटरी मारली, डावीकडे बघ, उजवीकडे, वर. तीस सेकंद. आत्या त्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. डॉक्टरांचे चेहरे वाचण्यात तिचा जन्म गेला होता, आणि हा चेहरा काहीच सांगत नव्हता.

"बोळा," डॉक्टर म्हणाल्या.

शब्द संपण्याआधीच आत्याने तो त्यांच्या हातात ठेवला होता. त्यांनी वरच्या पापणीच्या आतून काहीतरी अलगद टिपलं आणि प्रकाशात धरलं. गोठलेल्या रक्ताचा काळा धागा, नखाएवढा.

"आता हलतंय?"

मुंगीने डोळा मिचकावला. पुन्हा मिचकावला. "नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही!"

डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि बोटं धरली. "किती?"

"तीन." मग ती थांबली. डॉक्टरांच्या खांद्यावरून तिची नजर पलीकडे गेली होती. "आणि मागे तिसऱ्या रांगेत माझे बाबा उभे आहेत. शर्टाला फोमचा चुरा लागलाय. वरचं बटण चुकीच्या काजात घातलंय."

सगळे वळले. आत्याही वळली.

तिसऱ्या रांगेत, बसलेल्या लोकांच्या मधोमध, भाऊ एकटा उभा होता. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर गच्च. मागचे लोक त्याला बसायला सांगत होते आणि त्याला ऐकू येत नव्हतं. तो मुंगीकडे बघत नव्हता. तो आत्याकडे बघत होता, डॉक्टरांना हाक मारणाऱ्या त्याच्या बहिणीकडे.

"डोळा साफ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जखम बंद राहिली तर खेळू दे."

दहा सेकंद. आत्याने जखमेत नवा बोळा दाबला, वर व्हॅसलिन थापलं, आणि मुंगीच्या गालावर एक हलकी चापट मारली.

"जा. आणि त्याला नीट काहीतरी दाखव. एवढ्या लांबून आलाय."

*

पाचव्या फेरीबद्दल नंतर घरात प्रत्येकजण वेगळं सांगत असे, पण आत्याला ती जशी आठवते तशी अशी.

पहिली दोन मिनिटं शिडीची. टक, टक. जखम धरली होती, रक्त नव्हतं, पण मुंगीला आत शिरता येत नव्हतं. दादा जाळीला तोंड लावून ओरडत होता. मग शिडीने लाथ उचलली, बरगडीसाठी. जोरात बसली. आवाज आत्यापर्यंत आला. पण मुंगीने ती सोडली नाही! पाय काखेत पकडला, खांदा लावला, दोन पावलं पळाली, आणि दोघी धाडकन जाळीच्या पायथ्याशी. मुंगी वर.

"बसून राहा! बसून राहा तिच्यावर!"

ती बसून राहिली. कोपर, मूठ, कोपर. शिडी वळायला जायची, मुंगी तिच्याबरोबर वळायची, गोचिडीसारखी. लोक उभे राहिले. वहिनीला आता कोणाला लागेल याची काही पर्वा उरली नव्हती. ती नानाचा खांदा धरून नानालाच गदागदा हलवत होती. नाना विचारत होता, "कुठल्या बाजूला आहेत? मला वहिनीच दिसतायत फक्त!"

चाळीस सेकंद राहिले असताना शिडीचे ते लांबच लांब पाय अचानक वर आले आणि मुंगीच्या मानेभोवती आवळले. मुंगीचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. तिचा एक हात मोकळा होता. तो हात जमिनीकडे निघाला. थापटला की हार मान्य, संपलं.

हाताने जमीन थापटली नाही. मुंगीने तो जमिनीवर रोवला. त्या एका हातावर जोर देऊन मुंगीने स्वतःला आणि मानेला लटकलेल्या अख्ख्या शिडीला वर उचललं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला. घोगरा, खिळे तोंडात धरून धरून बसलेला. आत्याने तो या जागी कधी ऐकला नव्हता.

"उचल! उचल, मुंगे! फोम आहे तो, उचल!"

मुंगीने उचललं आणि आपटलं. पाय सुटले. घंटा वाजली.

मग ते भयंकर थांबणं. निवेदक कागद घेऊन उभा, दोन्ही बाजूंना दोघी. "पहिले परीक्षक, अठ्ठेचाळीस–सत्तेचाळीस, लाल कोपरा." लाल म्हणजे मुंगी. दादा उडाला. "दुसरे परीक्षक, अठ्ठेचाळीस–सत्तेचाळीस, निळा कोपरा." दादा बसला. "तिसरे परीक्षक, अठ्ठेचाळीस–सत्तेचाळीस... आणि *अजूनही* जगज्जेती—"

पुढचं कोणाला ऐकू आलंच नाही.

*

जखम शिवायच्या खोलीत गर्दी झाली. मुंगी टेबलावर आडवी, पट्टा पोटावर. डॉक्टर टाके घालत होत्या. दार उघडून भाऊ आत आला आणि थेट टेबलाशी जाऊन जखमेवर वाकला.

"पहिला टाका जरा जवळ घ्या," तो म्हणाला. "कोपऱ्यात ताण येतोय."

डॉक्टरांनी मान वर केली. "आपण डॉक्टर?"

"मी सोफे करतो."

"बाबा, गप्प बसा," मुंगी डोळे मिटून हसत म्हणाली. तिने त्याचा हात चाचपडत शोधला आणि धरून ठेवला. मग दुसरा हात पुढे केला. आत्याने तो धरायला क्षणभर वेळ लावला.

"रागावलीयस?" आत्याने विचारलं.

"पाच मिनिटं होते," मुंगी म्हणाली. "नंतर वेळ मिळाला नाही."

भाऊ मुंगीचा हात न सोडता जागच्या जागी चुळबुळ करू लागला. त्याला काहीतरी खुपत होतं. शेवटी तो फुटला. "तो दुसरा परीक्षक! निळ्याला देतो? तिसरी फेरी त्याने कोणाची धरली? चौथी जाऊ दे, पण तिसरी? आंधळा आहे का तो?"

"माझ्याकडे बघू नकोस," नाना म्हणाला.

"मी गंमत करत नाहीये! मी पहिल्या फेरीपासून बघतोय. तिसरीत कोपर लागलं म्हणून काय झालं, दोनदा खाली आपटली हिने. काय गं, दोनदा ना?"

वहिनीने सवयीने तोंड उघडलं, आत्याकडे वळली, "हे विचारतायत की—"

"ऐकलं मी," आत्या म्हणाली. आणि मग भावाकडे बघून, "तीनदा."

भाऊ थबकला. त्यालाही तेव्हाच कळलं, आपण कोणाला विचारलं ते. मग तो म्हणाला, "तीनदा! बघ! आणि तो निळ्याला देतो!"

"बाबा," मुंगी म्हणाली, "ही शेवटची होती."

"काय शेवटची?"

"लढत. मी ठरवलंय. पट्टा परत करणार. गुडघे रोज सकाळी पायऱ्या उतरू देत नाहीत मला. जिंकून थांबते."

आत्याला वाटलं, आता भाऊ सुटकेचा श्वास टाकेल. अकरा वर्षं तो ज्याची वाट बघत होता, ते त्याच्या हातात आयतं आलं होतं.

"शेवटची?" भाऊ म्हणाला. "छे! असं कसं? अगं, मी आत्ता कुठे बघायला लागलो! ती शिडी लाथ मारताना खांदा आधी खाली टाकते, दिसलं नाही का तुम्हाला कोणाला? पुढच्या वेळी तिला पहिल्या फेरीत—"

"हेच मी म्हणतो!" दादाने लगेच बापाची बाजू धरली. जन्मात पहिल्यांदा. "एक वर्ष. फक्त एक!"

"एक दिवस नाही," वहिनी कडाडली. "तुम्हाला काय जातंय? गुडघे तिचे आहेत!"

"ती सांगतेय ना थांबते म्हणून," आत्या पुढे झाली. "मग थांबू दे. तिचं शरीर, तिला कळतं."

"तुला कोणी विचारलं? तूच नेऊन सोडलीस तिला तालमीत!"

"मी सोडली, म्हणून मीच सांगतेय!"

"आवाज!" डॉक्टर म्हणाल्या. "पेशंट झोपलीय."

खरंच झोपली होती. सातव्या टाक्याला, दोन्ही हात दोघांच्या हातात, तोंड किंचित उघडं. डॉक्टरांनी सुईनेच दार दाखवलं आणि सगळे निमूटपणे बाहेर आले.

बाहेर लांबलचक बोळ होता. नाना आणि वहिनी चहा शोधायला गेले. दादा थोडा वेळ घुटमळला आणि मग काहीतरी विसरल्यासारखं करून तोही गेला. राहिले दोघं.

"एक वर्ष म्हणजे काही फार नाही," भाऊ कुजबुजला. दार बंद होतं, कुजबुजायची गरज नव्हती.

"गुडघ्याच्या कूर्चेचं तुला काय कळतं?" आत्याही कुजबुजली.

"शिकव मग."

"तासभर लागेल."

"बारा खुर्च्या कालच झाल्या, सकाळचं ते निमित्त होतं," भाऊ म्हणाला, आणि भिंतीशी लावलेल्या दोन खुर्च्या त्याने समोरासमोर ओढल्या. "बोल."